तांब्याच्या वाटा

यंदाच्या पालकसभेत पुष्कळ मातापित्यांनी आम्हांस एकच प्रश्न केला. नववी-दहावीच्या मुलांच्या बोटांवर हा पिवळसर तपकिरी डाग कशाचा, आणि तो साबणाने का जात नाही? केळीच्या चिकाचा डाग सावद्यात कोणास अपरिचित आहे असे नाही. घड कापणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावरून त्याचे काम ओळखता येते. परंतु हा डाग त्या जातीचा नव्हे. तो फेरिक क्लोराइडचा होय. हातमोजे घालण्याची सक्ती असूनही तो बोटांना लागतो, याचे कारण असे की, पाटीवरचे तांबे कसे विरघळत चालले आहे हे पाहण्याच्या भरात हातमोज्याची शुद्ध कोणासच राहत नाही. तेव्हा हे तांबे कोणते, ते विरघळवायचे कशासाठी, आणि त्या कामी संगणकाचा उपयोग काय, हे येथे सविस्तर सांगावे असे आम्ही योजिले आहे.

रेडिओ, मोबाइल, टीव्हीचा रिमोट, यांपैकी काहीही उघडून पाहिले तर आत एक हिरवी पाटी दिसते. तिजवर बारीकसारीक भाग बसविलेले असतात, आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पातळ रेघा पाटीवरच चिकटलेल्या असतात. हिलाच पीसीबी म्हणतात. पूर्वी अशी पाटी नव्हती. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत भागाभागांमध्ये तारा ओढून डाख दिलेला असे, आणि एक संच जुळविण्यास कुशल कारागिराचे बरेच श्रम खर्ची पडत. तारांच्या जागी छापलेले तांबे वापरावे ही कल्पना तडीस नेणाऱ्यांमध्ये पॉल आइस्लर हा व्हिएन्नाचा अभियंता प्रमुख होता. आपला देश सोडून तो लंडनला आला आणि तेथे १९३६ साली त्याने अशा पाटीवर चालणारा रेडिओ सिद्ध केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आमच्या शेजारच्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. परंतु मुलांना सन पाठ राहावा म्हणून आम्ही त्या वर्गात एकत्र सांगतो, आणि तो त्यांच्या पाठ राहतो.

या पाट्या बनविण्याची रीत मुळात छपाईचीच आहे. शिळाछापाचे तंत्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती चटकन उमजेल. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापिले ते शिळेवर. दगडावर तेलकट शाईने अक्षरे उलटी काढावयाची, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटतात. पीसीबीच्या बाबतीत दगडाच्या जागी तांब्याचा पत्रा चिकटविलेली फायबरची पाटी येते. पाटीची जाडी बहुधा १.६ मिलिमीटर, आणि वरील तांब्याचा थर अवघा ३५ मायक्रॉन. ज्या वाटा राखावयाच्या त्यांवर झाकण द्यावयाचे आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवावयाची. उघडे तांबे विरघळून जाते आणि झाकलेल्या वाटा शिल्लक राहतात.

आता झाकण कशाचे द्यावयाचे? आमच्या विद्यार्थिदशेत हे काम रंगाच्या काडीने अथवा न पुसणाऱ्या पेनाने करीत. हात जरासा कापला की दोन वाटा एकमेकींस चिकटत आणि सारा खटाटोप वाया जाई. आज लेझर प्रिंटर आहे. त्याची काळी पूड म्हणजे एक प्रकारचे प्लॅस्टिकच असते. गुळगुळीत कागदावर नकाशा छापावा, तो घासून लख्ख केलेल्या तांब्यावर उपडा ठेवावा, वरून तापलेली इस्त्री काही मिनिटे दाबावी; पूड वितळून तांब्यास चिकटते. मग पाटी पाण्यात भिजत घालून अंगठ्याने हलकेच चोळली की कागदाचा लगदा निघून येतो आणि काळ्या रेघा मागे उरतात. साध्या वहीचा कागद येथे कामास येत नाही, त्याचे तंतू पुडीत रुतून बसतात. मासिकांचा चकचकीत कागद उत्तम, कारण त्याच्यावरील लेप पाण्यात सुटतो. गेल्या वर्षीच्या आमच्या वार्षिकाच्या मुखपृष्ठाचा कागद या कामी फार नामी ठरला असे विद्यार्थ्यांनी आम्हांस निर्विकार मुद्रेने सांगितले. त्यात आमचाही एक लेख होता. असो.

हे झाले हाताचे काम; खरी बुद्धी लागते ती त्याच्या आधी, नकाशा काढताना. येथेच सॉफ्टवेअर उपयोगी पडते. आमच्या शाळेत 'किकॅड' नावाचा कार्यक्रम वापरतात. तो १९९२ साली फ्रान्समधील ग्रनोब्ल येथील जाँ-पिएर शारा या गृहस्थांनी लिहावयास घेतला. ते अध्यापन करणारे होते, आणि एका शिक्षकाने आरंभिलेले काम जगभर पसरावे याचा आम्हांस, आपला व्यवसाय एकच म्हणून, थोडासा अभिमान वाटतो. पुढे २०१३ पासून जिनिव्हाजवळील सर्न या प्रख्यात प्रयोगशाळेने त्याला मोठा हातभार लावला. तो विनामूल्य आहे, आणि पाटीच्या आकारावर त्यात बंधन नाही. पूर्वी हौशी लोकांत 'ईगल' नावाचा कार्यक्रम फार चाले. त्याची फुकट आवृत्ती लहान पाटीपुरतीच मिळे. २०१६ साली तो एका मोठ्या कंपनीने विकत घेतला, आणि २०२३ साली तिने जाहीर केले की, जून २०२६ मध्ये त्याची विक्री व सेवा बंद होईल. ज्यांनी वर्षानुवर्षे आपले नकाशे त्यात साठविले त्यांची यामुळे कोण अडचण झाली असेल! किकॅडची फाइल साध्या मजकुराची असते, कोणत्याही संपादकात उघडून वाचता येते. मुलांच्या हाती हत्यार द्यावयाचे ते असेच द्यावे, असे आमचे मत आहे. ज्यांना घरी शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्पात किकॅडचेही पाठ आहेत.

कामाचा क्रम असा. प्रथम आराखडा काढावयाचा: कोणता भाग कोणत्या भागास जोडलेला आहे एवढेच त्यात दाखवितात, जागेचा विचार नाही. मग प्रत्येक भागास त्याचा 'फूटप्रिंट' द्यावयाचा, म्हणजे तो भाग पाटीवर पाय ठेवील तेव्हा त्याची भोके किती अंतरावर पडतील त्याचा ठसा. आयसीच्या दोन पायांतील अंतर २.५४ मिलिमीटर असते. हा विचित्र आकडा इंचाच्या दहाव्या भागाचा आहे, हे मुलांनी आपण होऊन हिशेब करून काढले. यानंतर सारे भाग पडद्यावरील पाटीवर येऊन पडतात, आणि ज्यांना ज्यांना जोडावयाचे त्यांच्यामध्ये बारीक रेघांचे जाळे दिसू लागते. या गुंत्यास इंग्रजीत उंदराच्या घरट्याचे नाव दिले आहे, आणि ते अगदी यथार्थ आहे.

येथून पुढचे काम बुद्धिबळासारखे आहे. एका बाजूच्या पाटीवर दोन वाटा एकमेकींस ओलांडून जाऊ शकत नाहीत. आमच्या भागातील मुलांना हे समजावण्यास पाटाचे उदाहरण पुरते. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर बंधारे घालून फड पद्धतीने पाणी देण्याची जुनी वहिवाट आहे. तेथे किंवा आपल्या मळ्यात, एक पाट दुसऱ्यास छेदून न्यावयाचा असेल तर खालून नळी टाकावी लागते, नाहीतर दोहोंचे पाणी एक होते. पाटीवर या नळीचे काम जंपर नावाचा तारेचा तुकडा करतो. परंतु शक्य तितके नळीवाचून भागवावे, भाग फिरवून, सरकवून, कधी एका भागाच्या दोन पायांमधून वाट काढून. पहिल्या नकाशात सात जंपर घेणारा मुलगा चौथ्या नकाशात एकावर येतो, आणि त्या वेळचा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. वाटा आपोआप आखणारे कार्यक्रमही मिळतात. ते आम्ही पहिल्या वर्षी वापरू देत नाही. गणिताच्या पुस्तकातील शेवटची पाने शिवून ठेवण्यासारखेच हे आहे, असे कोणी म्हणेल, म्हणोत बापडे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. किकॅडमध्ये आरंभी ठरलेली वाटेची रुंदी कारखान्याच्या मानाने असते, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास. इस्त्रीच्या छपाईत एवढी बारीक रेघ टिकत नाही. आम्ही वाट ०.८ मिलिमीटरहून कमी घेऊ देत नाही, दोन वाटांमध्येही जवळजवळ तेवढेच अंतर ठेवतो, आणि भोकाभोवतीचे तांबे दोन मिलिमीटर रुंद करतो, म्हणजे हातड्रिल थोडे हलले तरी भागते. हे नियम एकदा कार्यक्रमास सांगून ठेवले की तो प्रत्येक रेघ तपासतो आणि चूक दाखवितो. तथापि तो तपासतो ते अंतर; नकाशा ज्या कामासाठी काढला त्या कामास तो येईल की नाही, हे त्यास ठाऊक नसते. याचा प्रत्यय यंदा आला तो सांगतो.

नववीतील एका विद्यार्थ्याचे आजोबा मळ्यात झोपतात. केळीला पाणी चुकून चालत नाही, आणि शेतीपंपाची थ्री-फेज वीज पुष्कळ ठिकाणी काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री येते. तिची वेळ नेमलेली असली तरी ती नेमकी त्याच वेळी येईलच असे नाही. तेव्हा आजोबांनी दर तासाला उठावे, स्टार्टरच्या पेटीवरील लाल, पिवळा व निळा हे तीन दिवे पाहावे, तिन्ही लागले असतील तर मोटार चालू करावी, एखादा विझला असेल तर पुन्हा निजावे. आपोआप मोटार सुरू करणारे यंत्र बाजारात मिळते. परंतु त्यांच्याकडे पूर्वी असलेले यंत्र दोन फेजवरच मोटार चालू करून बसले, मोटार जळाली, तेव्हापासून आजोबांचा अशा यंत्रांवरील विश्वास उडाला. वय सत्तरीच्या पुढे, मार्गशीर्षाची थंडी, आणि पायाखाली सापकिरडू. शुभवर्तमानातील दहा कुमारींच्या दृष्टान्तातही जागरणाची रात्र एकच आहे; येथे ती प्रत्येक पाळीला येते.

विद्यार्थ्याने आराखडा आणला तो तीन फेजच्या तारांनाच जोडावयाचा होता. फेज-फेजमध्ये सुमारे चारशे व्होल्टचा दाब असतो. घरी कोरलेल्या, वर संरक्षक लेप नसलेल्या पाटीवर, मळ्याच्या ओलाव्यात व धुळीत, असा दाब आणणे म्हणजे आगीशी आणि जिवाशी खेळ. आम्ही स्पष्ट नकार दिला. शाळेचा नियम आहे की, मुलांच्या पाटीवर बॅटरीखेरीज दुसरी वीज यावयाची नाही, आणि तो कोणाच्याही आजोबांसाठी मोडावयाचा नाही. मुलगा हिरमुसला होऊन गेला. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, "सर, दिव्यांना हात लावायचा नाही, नुसतं त्यांच्याकडे पाहिलं तर चालेल का?"

आम्ही म्हणालो, "पाहावयाचे कसे?"

"एलडीआरनं, सर. दिव्याच्या काचेवर बाहेरून काळी नळी चिकटवायची, आत एलडीआर."

एलडीआर म्हणजे प्रकाशात ज्याचा विद्युत्-रोध कमी होतो असा भाग. तीन दिव्यांसमोर तीन, आणि ते एकामागे एक जोडलेले. अंधारात एकेकाचा रोध फार मोठा, म्हणून एक जरी दिवा विझलेला असला तरी एकंदर रोध मोठाच राहणार. तिन्ही दिवे लागले तरच तो उतरणार. हा बदल एलएम ३५८ या आठ पायांच्या आयसीने ओळखावयाचा आणि बझर वाजवावयाचा. सगळे नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. पेटी उघडावयाची देखील नाही. हे ऐकून आम्हांस जो आनंद झाला तो आम्ही त्या वेळी चेहऱ्यावर दिसू दिला नाही, कारण नकाशा अजून निघावयाचा होता.

नकाशा चांगला निघाला. जंपर एकही नाही. पण छापताना त्याने 'आरसा' या खुणेवर टिचकी मारली. खालच्या बाजूचे तांबे किकॅड पाटीच्या आरपार पाहिल्यासारखे दाखवितो. तो कागद तांब्यावर उपडा पडला की आपोआप बरोबर होतो. आरसा केला तर उलट्याचे सुलटे आणि सुलट्याचे उलटे. पाटी कोरून, भोके पाडून झाल्यावर आयसीचे पाय जुळेनात. डावे ते उजवे झाले होते. मुलांनी आयसी तांब्याच्याच बाजूने बसवून वेळ मारून नेली, कारण त्या बाजूने पाहिले तर पाय पुन्हा बरोबर येतात. गणपत कृष्णाजींच्या शिळेची गोष्ट वर्गात सांगितलेली होती. ती आता सर्वांस खरी कळली.

शाळेत तीन टॉर्च लावून पाहिले. बझर छान वाजला, एक टॉर्च झाकला की बंद. मळ्यात नेला तर मात्र धड वाजेना. घशात काही अडकल्यासारखा खरखरू लागला. दोन संध्याकाळ मुले डोके खाजवीत होती. टॉर्चचा प्रकाश स्थिर असतो. विजेवरच्या दिव्याचा प्रकाश सेकंदाला पन्नास किंवा शंभर वेळा कमीजास्त होतो, डोळ्यास दिसत नाही इतकेच. त्या प्रत्येक चढउतारास आयसी इमानाने होय-नाही म्हणत होता. उपाय लहानसा: दहा मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर जोडावयाचा, म्हणजे चढउतार त्यात मुरतात. हाताने काढलेली पाटी असती तर सारी नव्याने आखावी लागती. किकॅडमध्ये आराखड्यात तो भाग वाढविला, पाटीस ते कळविले, दोन वाटा बाजूस सरकविल्या, आणि अर्ध्या तासात दुसरा नकाशा तयार झाला. या वेळी आरशाच्या खुणेकडे सहा डोळे लागले होते.

कोणी विचारतील, हे सर्व घरी कशासाठी? नकाशा कारखान्यास पाठविला तर हिरवा लेप दिलेली, दोन्ही बाजूंनी वाटा असलेली सुबक पाटी थोड्या पैशांत टपालाने घरपोच येते. खरे आहे, आणि मुलांनी पुढे तसेच करावे. पण पाटी येण्यास दिवस लागतात, आणि चूक ध्यानात येते ती पार्सल उघडल्यावर. घरी केलेली पाटी सकाळी चुकते, संध्याकाळी दुरुस्त होते. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढिला तो हाताने काम करता करता शिकावे या विचारानेच. तेथे २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. अशा प्रयोगशाळांत पाटीवरचे तांबे संगणकाच्या हुकमाने चालणारे बारीक कटर खरवडून काढते. आम्लाचे पाणी लागत नाही. तसे यंत्र आमच्या शाळेस मिळेल तेव्हा मिळो.

तोवर त्या पाण्याची व्यवस्था नीट लावणे आमचे कर्तव्य आहे. वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये तांबे उतरलेले असते. केळीवर मोरचुदाचा फवारा देणाऱ्या शेतकऱ्यास तांबे बुरशीचा नाश करते हे सांगावयास नको. तेच गटारात किंवा विहिरीजवळ ओतले तर मासे व पिके दोहोंस घातक. म्हणून आम्ही त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालतो. ते फसफसते, तांबे व लोखंड गाळाच्या रूपाने तळाशी बसते, तो गाळ गाळून, वाळवून बरणीत चिठ्ठी लावून ठेवतो. पात्र प्लॅस्टिकचेच हवे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात हे पाणी ठेवू नये, ते पातेलेच खाऊन टाकते. डाख देताना खिडकी उघडी ठेवावी, आणि हात धुतल्याखेरीज डबा खाऊ नये, कारण साध्या डाखाच्या तारेत शिसे असते. पालकांनी या बाबतीत घरीही लक्ष ठेवावे.

बझर मळ्यात दोन महिने चालू आहे. एका रात्री पिवळा दिवा लागला नाही, आणि तो बरोबर गप्प राहिला. दिवसा उजेडात नळीच्या फटीतून ऊन शिरून तो उगाच ओरडतो, म्हणून त्यास एक स्विच लावावा लागला. आजोबांचे जागरण थांबले काय, असे आम्ही परवा विचारले. मुलगा म्हणाला, "रात्री एकदा उठतात, सर. बॅटरी आहे का बघायला."

आता दहावीच्या मुलांनी बागेतील उष्णमान नोंदणारी पाटी हाती घेतली आहे. वैशाखात रावेर-यावलकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो तेव्हा घडाजवळ नेमके किती असते, हे त्यांना पाहावयाचे आहे. त्यासाठी कागद पुष्कळ लागणार. ज्यांच्या घरी जुनी चकचकीत मासिके पडून असतील त्यांनी ती मुलांबरोबर पाठवावी. प्रस्तुत अंक मात्र निदान वाचून होईपर्यंत घरी ठेवावा.